नऊ गोलांचा मानकरी

हाउकिसाल्मी या आमच्या गावातल्या आइस हॉकी हॉलमधलं कँटीन मी चालवते. कॉफी, दालचिनीचे पाव, सॉसेज आणि गुरुवारी वाटाण्याचं सूप. आमचा संघ जिंकला की सॉसेज संपतात आणि हरला की कॉफी संपते, कारण हरलेल्या माणसाला भूक लागत नाही, पण घरी जायचंही जिवावर येतं. गेल्या हिवाळ्यात मी निव्वळ कॉफीवर धंदा केला.

संघाचं नाव टुकित. टुकित म्हणजे ओंडके. गावात पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची गिरणी, म्हणून हे नाव, आणि इतकी वर्षं कुणाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. गेल्या हंगामात मात्र बाहेरगावच्या पेपरवाल्यांना चेवच चढला. ओंडके जागचे हलेनात. ओंडक्यांना जाळी दिसेना. एकाने तर छापलं की ओंडके पाण्यावर तरंगतात असं आम्ही शाळेत शिकलो होतो. मला असा संताप यायचा की तो पेपर मी सॉसेजच्या तव्याखाली घालायची. पण छापलेलं खोटं नव्हतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटायची.

सांगायचंय ते इल्पोबद्दल. इल्पो केट्टुला. त्याची आई आउने आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकत्र बटाटे सोलले, त्यामुळे मी त्याची राइली मावशी. आउने जाऊन आता काही वर्षं झाली. मावशी मात्र अजून आहे, आणि तिचं तोंडही आहे.

लहान पोरांच्या हॉकीत प्रत्येकाला गोल मारायचा असतो. सगळी पोरं रबराच्या चकतीच्या मागे एका घोळक्यात धावतात आणि बर्फावर एकमेकांवर कोसळतात. इल्पो तेव्हापासून वेगळा. समोरच्याने मारायला स्टिक उचलली की हा सरळ त्याच्या पुढ्यात आडवा पडायचा. एकदा मी आउनेला म्हटलं, "तुझा मुलगा सारखा आडवा का होतो गं?" ती म्हणाली, "बापावर गेलाय. झोपाळू आहे."

पण झोपाळू नव्हता. आडवं पडणं हीच त्याची कला होती. ती चकती बंदुकीच्या गोळीच्या वेगाने येते आणि माणसं स्वाभाविकपणे अंग चोरतात. इल्पो अंग पुढे करायचा. पंधरा हंगाम तो टुकितकडून खेळला. दोनदा नाक मोडलं, बरगड्या किती मोडल्या ते त्यालाही आठवत नसेल, आणि पुढचे दोन दात विशीतच गेले. खोटे दात तो सरावाआधी माझ्या काउंटरवर कपात ठेवून जायचा. "मावशी, दात सांभाळ." एकदा एका म्हाताऱ्याने त्याच कपात कॉफी मागितली होती, पण ती गोष्ट वेगळी.

गोल म्हणाल तर वर्षाला तीन, फार तर चार. त्याचं कुणाला काही वाटत नसे. त्यालाही नाही. गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं, होऊ न देणं हे होतं. दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या दारात लोक त्याला बघून नुसती मान हलवायचे. आमच्याकडे ती फार मोठी शाबासकी. तोंडाने कौतुक करायची पद्धत आमच्यात नाही, आणि कुणी केलंच तर घ्यायची त्याहून नाही.

आता सोनेरी हेल्मेटचं सांगते. संघात ज्याची कामगिरी सर्वांत भारी, त्याने खेळताना सोनेरी हेल्मेट घालायचं. इतर गावांत पासचेही गुण धरतात. आमच्याकडे फक्त गोल. आम्ही गिरणीवाले लोक, फळी झाली तरच मोजतो, झाडाची साल मोजत नाही. बरोबरी झाली तर हेल्मेट मागून येऊन गाठणाऱ्याकडे जातं. आणि हंगामाच्या शेवटी ते ज्याच्या डोक्यावर असेल, त्याचं नाव आणि गोलांचा आकडा कँटीनच्या भिंतीवरच्या लाकडी फळीवर रंगवतात, माझ्या काउंटरच्या बरोब्बर मागे. तिथे चौतीस आहेत, एकतीस आहेत, अठ्ठावीस आहेत. एका वर्षी बावीस होते, तर तो खेळाडू लाजेने दुसऱ्या गावी गेला असं आमच्याकडे अजून सांगतात.

गेल्या हंगामात अध्यक्ष कालेर्वोने दोन कॅनडावाले आणले. कालेर्वोचं टायरचं दुकान आहे आणि तो माणसंही टायरसारखीच आणतो. वरून नवी दिसतात, हिवाळा आला की घसरतात. एकाच्या बायकोला आमचा नोव्हेंबरचा अंधार सोसेना, ती नवरा-बायको परत गेली. दुसऱ्याला स्वित्झर्लंडवाल्यांनी जास्त पैसे दिले. आमचा हक्काचा गोल मारणारा ख्रिसमसच्या आधीच गुडघा मोडून घरी बसला. तो गेला तसं हेल्मेट उतरत्या क्रमाने खाली यायला लागलं. या डोक्यावरून त्या डोक्यावर, आणि जानेवारीत बघतो तर उरलेल्या खेळाडूंत सगळ्यांत पुढे इल्पो केट्टुला, गोल सात.

सात! तेही कसे, तर निम्मे चुकून. चकती त्याच्या ढोपराला, पाठीला, एकदा तर पार्श्वभागाला लागून आत गेली होती.

सामान सांभाळणाऱ्याने ते हेल्मेट आणून त्याच्या बाकावर ठेवलं, तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत कुणी कुणाकडे बघेना, असं इल्पोनेच मला सांगितलं. तो तसाच कालेर्वोकडे गेला.

"हे मला नको."

"तुला नको म्हणून कसं चालेल? परंपरा आहे."

"पण सात गोल आहेत, कालेर्वो!"

"मग आठवा मार," कालेर्वो म्हणाला आणि फोनवर कुणाला तरी टायरचा भाव सांगायला लागला.

इल्पो त्या हेल्मेटमध्ये बर्फावर उतरला तेव्हा समोरच्या संघाने चैन केली. येता जाता प्रत्येकजण स्टिकने त्याच्या डोक्यावर टकटक करायचा. "सोन्या, जेवलास का रे?" "सोन्या, एखादा गोल उसना देऊ?" हे चालायचंच, बर्फावर सगळे एकमेकांना टोचतात. पण आमच्याच लोकांत खसखस पिकली, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. पंधरा वर्षं ज्या माणसाने तुमच्यासाठी तोंडावर चकत्या घेतल्या त्याला तुम्ही हसता? मी त्या रांगेला शिळे पाव दिले. मुद्दाम.

इल्पोचा बाप वेइक्को रोज सकाळी माझ्या तिसऱ्या टेबलावर कॉफी घेतो. जन्मभर गिरणीत करवतीजवळ उभा राहिल्यामुळे एका कानाने ऐकू येत नाही, आणि दुसऱ्याने तो ऐकायचं टाळतो. तो जिथे बसतो तिथून फळी समोर दिसते. तो तिच्याकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही. मुलाचा विषय निघाला की साखर ढवळायचा.

फेब्रुवारीत, त्याचे नऊ झाल्यावर, एकदा इल्पो सरावानंतर काउंटरशी आला. दात लावले आणि म्हणाला, "मावशी, त्या फळीवर माझं नाव नको."

"का रे? चांगलं वळणदार रंगवतील."

"थट्टा करू नको. चौतीस, एकतीस, अठ्ठावीस, आणि त्याखाली इल्पो केट्टुला, नऊ. बाबा रोज इथे बसतात. मी मेल्यावरही लोक सॉसेज खाताना वाचतील, की एका वर्षी हा संघ इतका बेकार होता की केट्टुला त्यातला सर्वांत भारी होता."

मी हसले. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. माणूस बरगडी मोडल्यावर रडला नाही आणि एका फळीसाठी त्याचा आवाज कापत होता.

"सान्तेरीचे आठ झालेत," तो म्हणाला. "त्याला पुढे जाऊ देतो. मी आता मारणारच नाही."

"चालेल ते?"

"चालेल. तसाही मी गोल मारणारा नव्हेच."

"मग कर तसं," मी म्हटलं आणि त्याला पाव दिला. इतकं सोपं वाटलं होतं मला ते.

सान्तेरी व्हास्कू हा आमचा नवा. चोवीस वर्षांचा, पार उत्तरेकडून आलेला. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत एकटा राहायचा. रोज दुपारी यायचा आणि म्हणायचा, "एक कॉफी. दूध नको." इतकंच. पहिल्या महिन्यात मला वाटलं शिष्ट आहे. नंतर कळलं की त्याला गावात बोलायला कुणी नव्हतंच आणि आमच्या गावानेही त्याला कधी विचारलं नव्हतं. आम्ही असेच आहोत. माणूस दहा वर्षं राहिला की मग आम्ही त्याला हवामान विचारतो. संघातला एकटा इल्पो त्याच्याशेजारी बसायचा. दोघंही गप्प बसायचे, पण एकाच टेबलावर.

मार्च आला. इल्पोने शब्द पाळला. समोर जाळी दिसली की चकती बाजूला सारायचा, मोकळा सापडला की उगाच एक गिरकी घ्यायचा, नाहीतर बदली करून बाकावर येऊन बसायचा. आम्ही सामन्यांमागून सामने हरत होतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मोठ्या आगीत एखादी काडी कुणाला दिसते? आणि सान्तेरीचीही स्टिक थंडावली होती. तो आठवरच अडकला. इल्पो नऊवर.

अशा रीतीने शेवटचा सामना उजाडला. सर्वांत खालचा संघ खालच्या लीगमध्ये जातो. आम्ही खालून पहिले होतो. घरचा सामना, ठरलेल्या साठ मिनिटांत जिंकलो तर वाचलो. बरोबरी झाली, जादा वेळेत जिंकलो, तरी उपयोग नव्हता. हॉल गच्च भरला. ज्यांना सगळा हिवाळा हॉलचा रस्ता आठवला नव्हता तेही आले. माझे सॉसेज दुसऱ्या सत्रातच संपले, यावरून काय ते ओळखा.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. आम्ही गोलकीपर काढून घेतला आणि त्याच्या जागी एक जास्तीचा खेळाडू उतरवला. आमची जाळी आता उघडी, पण इलाज नव्हता. मी काउंटर सोडून कठड्याशी येऊन उभी राहिले. आणि मी ते बघितलं. चकती इल्पोच्या स्टिकवर आली. त्यांचा गोलकीपर आधीच्या फटक्यावर खाली पडला होता, निम्मी जाळी मोकळी. इल्पो तिच्यापासून कँटीनच्या दोन टेबलांइतक्या अंतरावर होता. माझ्या पायात स्केट्स घालून मला ढकललं असतं तरी मी तो गोल मारला असता.

इल्पोने स्टिक उचलली. आणि चकती आडवी सान्तेरीकडे सारली.

सान्तेरी पलीकडे होता, त्याला हे अपेक्षितच नव्हतं. चकती त्याच्या स्टिकवरून उडून गेली. त्यांच्या माणसाने ती उचलली आणि सबंध मैदानावरून आमच्या उघड्या जाळीत सोडली. हळूहळू सरकत गेली ती. आत जाईपर्यंत सगळा हॉल नुसता बघत होता. आम्ही खालच्या लीगमध्ये गेलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन वाक्यं होती. केट्टुलाचा निःस्वार्थी पास. व्हास्कूची घोडचूक.

आमच्या गावाला कुणालातरी धरायचंच होतं. कॅनडावाले दूर गेले होते, कालेर्वोकडून सगळ्यांना टायर घ्यायचे होते, आणि स्वतःला धरायची कुणाची तयारी नव्हती. सान्तेरी सापडला. चारच दिवसांत गावात एक नवा शब्द आला. कुणाच्या हातून काही निसटलं की म्हणायचं, "सान्तेरी केलीस!" दुकानात गल्ल्यावरच्या बाईच्या हातून सुटे पैसे सांडले तर मागचा माणूस म्हणाला, "सान्तेरी झाली." बालवाडीतली पोरं वाळूत चेंडू सोडत आणि ओरडत. सान्तेरी त्या बालवाडीच्याच गल्लीत राहायचा. माझ्याकडे यायचा, एक कॉफी, दूध नको. कप दोन्ही हातांनी धरायला लागला होता.

इल्पो आला की लोक पाठीवर थाप मारायचे. शब्दाने बोलायचे, बघा! "इल्पो, तू तुझं केलंस." "इल्पो, असा पास मेणबत्ती घेऊन शोधला तरी मिळणार नाही." मी बघत होते, प्रत्येक थापेबरोबर हा माणूस आकसत चालला होता. मला वाटलं, आमच्यातल्या कुणाला कौतुक सोसत नाही, तसंच असेल.

मग एका सकाळी बापलेक तिसऱ्या टेबलावर बसले होते. वेइक्कोच्या हातून चमचा खाली पडला. तो वाकला, चमचा उचलला आणि मुलाकडे बघून चक्क हसला. म्हणाला, "बघ, मीही सान्तेरी केली."

वेइक्कोला मी वर्षानुवर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. मुलाबरोबर थट्टा करताना तर कधीच नाही. त्याला अभिमान वाटत होता मुलाचा, आणि तो त्याला असा दाखवता येत होता. इल्पो उठला आणि माझ्या स्वयंपाकघरात आला. फ्रीजला पाठ लावून उभा राहिला.

"मावशी, मीच केलं ते."

"काय केलंस?"

"गोल माझा होता. मारायचा होता मी. स्टिक उचलली तेव्हा डोक्यात एकच आलं, की मी मारला तर दहा होतील आणि हेल्मेट माझंच राहील. सान्तेरीने मारला तर त्याचे नऊ, बरोबरी, हेल्मेट त्याचं, नाव त्याचं. एवढंच आलं डोक्यात. संघ नाही, गाव नाही, काही नाही. एका फळीसाठी मी..."

मी त्याला काय सांगायला हवं होतं? गप्प राहा, उन्हाळ्यात सगळे विसरतील, असं आउनेने सांगितलं असतं कदाचित. पण मला राग आला होता. त्याचा आला, गावाचा आला, पाव देऊन 'कर तसं' म्हणणाऱ्या बाईचा तर सर्वांत जास्त.

"मला फ्रीजजवळ सांगून काय उपयोग?" मी म्हटलं. "ज्याचं नाव पोरंटोरं शिवीसारखं घेतायत त्याचं काय? सगळ्यांसमोर सांग. हिंमत असेल तर सांग, नसेल तर उद्यापासून दात दुसरीकडे ठेव."

तो हो म्हणाला.

हंगामाच्या शेवटी हॉलमध्येच कार्यक्रम असतो. त्या दिवसांत बर्फ वितळवायला काढलेला असतो, खालचं ओलं सिमेंट दिसतं आणि सगळीकडे कुबट वास असतो. केक, कॉफी, भाषणं. पाठीराख्यांनी मत देऊन निवडलेल्याला 'हंगामाचा ओंडका' देतात, म्हणजे खराखुरा बर्चचा ओंडका, पॉलिश करून. तो इल्पोला मिळणार हे लहान पोरालाही ठाऊक होतं. सान्तेरीही आला होता. त्याचा करार वाढवला नव्हता, दुसऱ्या दिवशी तो जाणार होता. कुणी त्याला बसायला जागा दिली नाही. तो मागे माझ्या काउंटरशी कप घेऊन उभा राहिला.

कालेर्वोने ओंडका दिला, माइक दिला. इल्पोने माइक दोन्ही हातांनी धरला.

"मला हे घेता येणार नाही," तो म्हणाला. "शेवटच्या मिनिटाला मी गोल मारायला हवा होता. जाळी मोकळी होती. मी मारला नाही, कारण मला हेल्मेट नको होतं. फळीवर नाव नको होतं. महिनाभर मी मुद्दाम गोल मारत नव्हतो. सान्तेरीची काही चूक नाही. आपण खाली गेलो ते माझ्यामुळे. मला लाज वाटते."

आमच्याकडे इतकं लांब कुणी बोलत नाही. मी काउंटरचं फडकं मुठीत घट्ट धरलं होतं. वाटलं, आता उठतील, ओरडतील, ओंडका फेकतील त्याच्या अंगावर. फेकू देत.

मग समोरच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली.

"बघा!" कालेर्वोने त्याच्या हातून माइक घेतला. "बघा, माणूस असा असतो! पोराची चूक आपल्या अंगावर घेतोय. सोनं आहे सोनं!"

"नाही, अरे, मी खरंच..." इल्पो म्हणत होता. पण माइक त्याच्याकडे नव्हता आणि टाळ्या वाढत चालल्या होत्या. लोक उभे राहिले. आमचे लोक! जे लग्नातही बसून टाळ्या वाजवतात. "चकतीपुढे आडवा पडायचा, आता शिव्यांपुढे आडवा पडला," असं माझ्या पुढची बाई नवऱ्याला म्हणाली आणि तिने डोळे पुसले. तिसऱ्या रांगेत वेइक्को उभा होता. त्याला अर्धंच ऐकू आलं असणार, पण तो टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. इल्पोने ते पाहिलं. माइककडे गेलेला हात त्याने मागे घेतला.

मी ओरडणार होते. शपथेवर सांगते, तोंड उघडलंही होतं. ऐका मूर्खांनो, खरं बोलतोय तो! पण वेइक्कोकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

केकसाठी रांग लागल्यावर इल्पो ओंडका काखेत घेऊन मागे आला. माझ्याकडे नाही, सान्तेरीकडे. मी मध्ये कॉफीच्या भांड्याशी उभी, जायला जागा नव्हती.

"त्यांनी ऐकलंच नाही," इल्पो म्हणाला. "मी पेपरवाल्यांना सांगतो. पुन्हा सांगतो."

सान्तेरीने विचारलं, "मघाशी बोललास ते खरं होतं?"

"खरं होतं."

"म्हणजे तुला मारता आला असता."

"हो."

"आणि मला पास दिलास, तो हेल्मेट जावं म्हणून."

"हो. सान्तेरी, मला वाटलं निदान तुझ्यावरचा हा..."

सान्तेरीने कप खाली ठेवला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"लोक दुकानात काय म्हणायचे ते मला ऐकू यायचं," तो म्हणाला. "बसमध्येही. मी मनात म्हणायचो, म्हणू देत. सगळं गाव बघत होतं, शेवटचं मिनिट होतं, आणि इल्पो केट्टुलाने चकती माझ्याकडे दिली. पंधरा वर्षं खेळलेल्या माणसाला वाटलं की हा मारेल. चुकलो ते चुकलो. पण त्याला वाटलं होतं." त्याने टोपी उचलली. "या गावातून मी तेवढंच घेऊन जाणार होतो."

इल्पोचं तोंड उघडं राहिलं. सगळ्यांसमोर सांग म्हणून त्याला दम देणारी मीच होते.

सान्तेरीने हात पुढे केला. इल्पोला ओंडका दुसऱ्या काखेत घ्यावा लागला, मग त्याने हात मिळवला. सान्तेरीने माझ्याकडे बघून मान लववली. "कॉफीबद्दल आभार," म्हणाला, टोपी घातली आणि मागच्या दाराने गेला.

इल्पो त्या दाराकडे बघत उभा होता. तेवढ्यात कालेर्वो आला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चल, सगळे खोळंबलेत, फोटो काढायचाय." वेइक्को आधीच जाऊन उभा होता, कोटाची बटणं लावून. इल्पो गेला. पेपरात आलेल्या त्या फोटोत तो खाली बघतोय, आणि आमच्या गावात ज्याला त्याला वाटतं की तो लाजतोय, किती साधा माणूस.